काचेचा कारबॉय धुताना या चुका टाळा

बिअर बाटल्यांत भरून झाली की काचेच्या कारबॉयच्या, म्हणजे बिअर आंबवण्याच्या मोठ्या, अरुंद तोंडाच्या बरणीच्या, तळाशी यीस्टचा बोटभर गाळ उरतो आणि वर खांद्यापाशी, जिथवर फेस चढलेला असतो तिथे, तपकिरी रंगाचे कडक वलय काचेला चिकटून बसते. गाळ विसळताच निघून जातो. वलय मात्र हटत नाही, कारण त्यात वाळलेले यीस्ट, वर्टमधली (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यातली) प्रथिने आणि हॉप्स या कडवट फुलांची चिकट राळ एकजीव झालेली असते. धुण्यातल्या बहुतेक चुका या वलयाशी घाईने आणि जोराने झटापट करण्यातून होतात. महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी बिअर किंवा वाइन करण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे हा मजकूर मुख्यतः अमेरिका, ब्रिटन अशा मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्यांसाठी आहे. कोंबुचाच्या (आंबवलेल्या चहाच्या) बरणीला मात्र यातले पुष्कळसे कुठेही लागू पडते.

पहिली चूक म्हणजे कारबॉय तसाच ठेवून देणे. वलय ओले असताना साध्या पाण्यानेही अर्धे सुटते, तर दोन-तीन दिवस वाळल्यावर तेच रंगाच्या पापुद्र्यासारखे घट्ट होते. तेव्हा त्या वेळी धुणे शक्य नसेल, तर निदान कारबॉय गळ्यापर्यंत पाण्याने भरून ठेवावा.

भिजवताना होणारी चूक अधिक सार्वत्रिक आहे. चार-पाच लिटर द्रावण ओतून कारबॉय हलवत बसणारे पुष्कळ आढळतात, पण मळ सगळ्यात वर आणि द्रावण तळाशी, अशा स्थितीत काहीच साधत नाही. कारबॉय काठोकाठ भरलाच पाहिजे. द्रावणासाठी सोडियम परकार्बोनेट असलेली, सुगंध नसलेली पावडर दर चार लिटर पाण्याला सुमारे एक मोठा चमचा घ्यावी. पाण्यात तिचे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असे दोन भाग होतात. सोडा राळ आणि प्रथिने सैल करतो, तर पेरॉक्साइडमधून सुटणारा ऑक्सिजन मळ काचेवरून उचलतो. रात्रभर भिजवल्यावर सकाळी वलयाचे तुकडे आपोआप तरंगताना दिसतात, म्हणून भिजवणे हेच खरे धुणे आणि घासणे ही केवळ शेवटची डागडुजी, असे माझे स्पष्ट मत आहे. या काळात तोंडाला बूच घट्ट लावू नये, कारण सुटणाऱ्या वायूचा दाब काचेला सोसवेलच असे नाही. द्रावण दाहक असल्याने हातमोजेही घालावेत.

याच ठिकाणी सर्वांत महागात पडणारी चूक होते, ती उकळत्या पाण्याची. परकार्बोनेट गरम पाण्यात जोमाने काम करते हे खरे आहे आणि पाकिटावरही बहुधा तसेच लिहिलेले असते. परंतु कारबॉयची काच प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटसारखी नसते. ती साधी सोडा-लाइम काच असते, तिची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि आतबाहेरच्या तापमानात ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी ती तडकू शकते. थंड गॅरेजमधून आणलेला कारबॉय आधी कोमट पाण्याने विसळून घ्यावा, मग ४०-४५ अंशांचे पाणी भरावे आणि उष्णतेची उणीव वेळेने भरून काढावी. उलट दिशेनेही हाच नियम आहे: गरम कारबॉयमध्ये नळाचे गार पाणी सोडू नये आणि तो थंडगार ग्रॅनाइटच्या ओट्यावरही टेकवू नये.

आपल्याकडे अरुंद तोंडाच्या बाटल्या वाळू किंवा खडे घालून खळखळवण्याची जुनी पद्धत आहे. कारबॉयसाठी ती सोडून द्यावी, कारण वाळूतले क्वार्ट्झ काचेहून कठीण असते आणि त्याने पडलेला ओरखडा पुढे तडा जाण्याची जागा ठरतो. तारेची घासणीही नको. खांद्याच्या वळणापर्यंत पोचणारा, टोकाशी वाकलेला मऊ ब्रश पुरे. त्याच्या दांड्याची उघडी तार मात्र काचेला लागू देऊ नये.

धुऊन वाळवल्यावर काचेवर पांढुरका धूसर थर दिसला, तर तो मळ नसून बहुधा कठीण पाण्यातल्या चुन्याचा सोड्याशी संयोग होऊन बसलेला क्षार असतो. त्यावर पुन्हा सोडा ओतणे म्हणजे थर वाढवणे होय; व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्याने तो विरघळतो. फिकट, खरखरीत आणि व्हिनेगरला दाद न देणारा थर असेल तर तो कॅल्शियम ऑक्झलेटचा समजावा आणि त्यासाठी फॉस्फोरिक आम्लयुक्त क्लीनर वापरावा. आम्ल आणि ब्लीच यांची गाठ कधीही पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

ब्लीचबद्दल आणखी एक तक्रार आहे. त्याचा अंश मागे राहिला तर बिअरमध्ये क्लोरोफिनॉल तयार होऊन दवाखान्यासारखा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. म्हणून धुतल्यानंतर निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचऐवजी स्टार सॅनसारखे आम्लयुक्त जंतुनाशक १९ लिटर पाण्याला सुमारे ३० मिलिलिटर या प्रमाणात घेऊन दोन मिनिटे लावावे. त्याचा फेस आत राहिला तरी चालतो, आणि तो नळाच्या पाण्याने धुऊन टाकणे हीच उलट चूक ठरते. अर्थात निर्जंतुकीकरण स्वच्छ काचेवरच चालते. मळाच्या थराखाली बसलेल्या जिवाणूंपर्यंत कोणतेच द्रावण पोचत नाही.

कारबॉय आरशासारखा लख्ख असूनही दर खेपेला बिअर आंबट होत असेल, तर काचेला दोष देऊ नये. संसर्गानंतरही काच पूर्ण स्वच्छ होऊ शकते. रबरी बूच, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) आणि सायफनची नळी यांच्या फटींत मात्र जिवाणू घर करून राहतात. हे स्वस्तातले भाग सरळ बदलावेत.

पाच गॅलनचा भरलेला कारबॉय २५ किलोच्या घरात जातो, शिवाय ओली काच हातात ठरत नाही, आणि त्याच्या फुटलेल्या तुकड्यांनी खोल जखमा होतात. गळ्याला अडकवायची मूठ रिकाम्या भांड्यापुरतीच असते. भरलेले भांडे दुधाच्या क्रेटमध्ये ठेवूनच हलवावे आणि पायात बूट असावेत. विसळून झाल्यावर आत टॉर्च फिरवून पाहावे: पाणी थेंब न धरता सलग पडद्यासारखे ओघळले तर काच स्वच्छ आहे, आणि केसासारखी रेघ चमकली तर ते भांडे बाद करावे. शेवटी कारबॉय भिंतीला न टेकवता स्टँडवर पालथा घालून पूर्ण निथळू द्यावा आणि तोंडावर फॉइल सैलसर बसवावे. ओलसर असताना बूच लावल्यास पुढच्या वेळी आतून कुबट वास येतो.