युजर ग्रुप चालवताय? मग कंपन्यांशी असं वागा

लिनक्सचा ग्रुप असो, पायथॉनचा असो नाहीतर अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा, तीस-चाळीस माणसं नियमित भेटायला लागली की कंपन्यांचे फोन यायला लागतातच. हॉल देतो, चहा-नाष्टा देतो, फक्त आमचा एक डेमो ठेवा. लगेच हो म्हणू नका, तोडूनही टाकू नका, आधी सरळ विचारा की तुम्हाला गिऱ्हाईक पाहिजे, नोकरीला पोरं पाहिजेत का प्रॉडक्टबद्दल खरं मत पाहिजे. तिन्ही चालतील, पण सभासदांना ते आधी माहीत असलं पाहिजे.

डेमो ठेवलात तर सेल्सवाल्यासोबत एक तरी इंजिनियर पाठवा म्हणून अडून बसा आणि निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा, नाहीतर तासभर स्लाइड बघून लोक घरी जातात आणि पुढच्या मीटिंगला येत नाहीत.

ग्रुपची खरी ताकद एकत्र मागण्यात आहे. 1955 मध्ये लॉस एंजेलिसच्या आसपास आयबीएम कंपनीचा 704 हा कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी 'शेअर' नावाचा ग्रुप काढला, कारण जो तो तेच तेच प्रोग्रॅम आपापल्या ऑफिसात वेगळे लिहीत बसणार होता. ते प्रोग्रॅम वाटून घ्यायला लागलेच, शिवाय काय पाहिजे ते आयबीएमला एका तोंडाने सांगायला लागले, आणि पुढे आयबीएमच्या 709 कॉम्प्युटरसाठी जी शेअर ऑपरेटिंग सिस्टीम आली ती याच ग्रुपच्या कामातून. एकट्याची तक्रार सपोर्टच्या तिकिटात पडून राहते हो, वीस ऑफिसांची एकत्र गेली की कोणीतरी उघडून बघतं.

पण तक्रार नीट लिहा. 'मराठी बरोबर येत नाही' एवढंच लिहिलं तर कोणी हात लावणार नाही. बिलावर 'ज्ञानेश्वर' टाइप केलं, स्क्रीनवर बरोबर दिसतं, पीडीएफ काढली की जोडाक्षरं फुटतात, व्हर्जन अमुक, फॉन्ट अमुक, इतक्या जणांकडे होतं, सोबत स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ. असं लिहून मेलवर पाठवा आणि उत्तर कधी देणार ते विचारून घ्या. दुरुस्त झालं की मीटिंगमध्ये कंपनीचं नाव घेऊन आभार माना, मनापासून, कारण आत कोणीतरी त्यासाठी भांडलेलं असतं.

सभासदांचे फोन नंबर मात्र कोणालाच द्यायचे नाहीत, कितीही मोठा स्पॉन्सर असू दे. ज्याला रस असेल तो स्वतः देईल. डोमेन, मेलिंग लिस्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं अ‍ॅडमिनपद दोघा-तिघा सभासदांकडे ठेवा, स्पॉन्सर कंपनीतल्या एकट्या माणसाकडे नको, त्याने नोकरी बदलली की सगळंच अडकतं. शक्यतो एकाच कंपनीच्या पैशावर अवलंबून राहू नका, चहाचे पैसे वर्गणीतून निघाले तर उत्तम. फुकट मिळालेलं लायसन्स किंवा मशीन कोणाकडे आहे तेही सगळ्यांसमोर सांगा, विशेषतः तोच माणूस रिव्ह्यू देणार असेल तर.

आणि आपल्या बाजूनेही सचोटी पाहिजे. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या होमब्रू या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबच्या लोकांनी अल्टेअर बेसिकच्या, म्हणजे अल्टेअर कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायच्या बिल गेट्सच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या, टेपच्या कॉप्या काढून वाटल्या, आणि 1976 च्या फेब्रुवारीत बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघड पत्र लिहून जाब विचारला. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर ग्रुपवर फिरत असेल तर काढून टाका. परवडत नसेल तर कंपनीकडे ग्रुप डिस्काउंट मागा, किती जण घ्यायला तयार आहेत तो आकडा सोबत घेऊन जा, आणि तरी जमत नसेल तर त्याला ओपन सोर्स पर्याय कोणता ते पुढच्या मीटिंगचा विषय करा.