घरोघरी आजार विचारायला निघण्याआधी

टॅब, पॉवर बँक, ओळखपत्र, संमतीपत्रं, घरांची यादी हे आदल्या रात्रीच बॅगेत गेलेलं असावं, त्यावर वेळ घालवत नाही. ओआरएसचं एक पाकीट मात्र आठवणीने टाका. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी दिली का, असं विचारलं की काही आया ग्लुकोजच्या डब्याकडे बोट दाखवतात. पाकीट हातात दिलं की गोंधळ मिटतो.

मग शब्दांची वही. छापील प्रश्नावलीतला 'क्षयरोग' घरात कोणी म्हणत नाही. टीबी म्हणतात, आणि तेही तोंडातून काढायचं नसलं की 'छातीचं झालं होतं'. डेंग्यू म्हणजे 'पेशी कमी झाल्या', तान्ह्या पोराचा न्यूमोनिया म्हणजे 'पोट उडत होतं'. गावात पोचल्यावर आशाताईंसोबत अर्धा तास बसून ही वही तपासून घ्या. मुलाखतीला मात्र त्यांना आत नेऊ नका. गोळ्या देणारी बाई समोर बसलेली असताना मध्येच गोळ्या सोडल्या होत्या, हे कोण सांगेल?

बसायची जागाही आधी हेरून ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात टीबीचा प्रश्न घरातल्या एकाच माणसाला सगळ्यांच्या वतीने विचारतात. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरं झाली, ती अशीच. ओसरीवर शेजारी टेकलेले, आत लग्नाची मुलगी, आणि सासरे उत्तर देणार. अशा वेळी 'नाही' येणारच.

एका घरात आजोबांनी असंच ठाम 'नाही' सांगितलं. उठता उठता मी विचारलं, लघवी लाल होणाऱ्या गोळ्या कुणाला घ्याव्या लागल्या होत्या का? 'त्या होय, सहा महिने खाल्ल्या की थोरल्यानं,' म्हणाले, आणि फळीवरून साडीच्या दुकानाची पिशवी काढली. आत केसपेपर, एक्स-रे, दोन रिकाम्या स्ट्रिपा. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते आणि ते सहसा कोणी विसरत नाही. हा प्रश्न पाठ करून जा. पण कुष्ठरोगाच्या औषधातही रिफाम्पिसिन असतं, तेव्हा तेवढ्यावर टीबीची खूण करायची नाही. पिशवी मागायची, कागद वाचायचा.

उत्तर कुठून आलं हेही नोंदवायचंय: तपासणीत निघालं, डॉक्टर नुसतं म्हणाले, की घरच्यांचा अंदाज. 'टायफाईड होता' हे वाक्य तिन्हींत बसतं. आणि 'माहीत नाही'ला 'नाही' करू नका. संध्याकाळी थकल्यावर हीच चूक सगळ्यात जास्त होते, माझ्याकडूनही झालीय.

'गेल्या दोन आठवड्यांत' हे शहरातलं मोजमाप. गावात मागचे दोन बाजार म्हणा, म्हणून प्रत्येक गावाचा बाजाराचा वार लिहून घ्या. जुन्या आजारासाठी पोळ्याच्या आधी की नंतर, असं विचारा. टॅबची तारीख रोज सकाळी बघा. पाच वर्षांखालच्या मुलांतल्या जुलाबाचा आकडा कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतल्या ९.२ टक्क्यांवरून पाचवीत ७.३ वर आला. कोणत्या महिन्यात विचारलं होतं हे न बघता त्यावर खूश होणाऱ्यांशी माझं पटत नाही.

ऊसतोडीची गावं दिवाळीच्या आत उरका. नंतर गेलात तर कुलपं. बंद घराऐवजी शेजारचं घर घेऊन मोकळं व्हायचं नाही. पुन्हा जायचं, त्याचे दिवस वेळापत्रकात आत्ताच धरा.

शेवटचं खोकल्याचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचाराला गेलेच नव्हते, आणि एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. ज्याला स्वतःलाच माहीत नाही तो आपल्याला काय सांगणार? म्हणून टीबीला 'नाही' आलं तरी दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणाला आहे का, हे वेगळं विचारा. आहे म्हणाले तर निदान सांगू नका, औषध सुचवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्या. चिठ्ठ्यांचं पुस्तक बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवा. टॅबखाली दबलं की ऐन वेळी सापडत नाही आणि तोवर माणूस शेतावर निघून गेलेला असतो.