खानदेशातील घरात बँटम कोंबड्यांची पाळणूक आणि पैदास

ज्यांना बँटम, म्हणजे अगदी लहान चणीच्या, कोंबड्या घरात ठेवायच्या आहेत, त्यांनी पक्षी आणण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करावी. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे पक्षी घरातील कोणत्या खोलीत असतील? जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कोंबडीच्या अंगाला घाम येत नाही, आणि एवढा लहान जीव अशा उष्म्यात तासाभरातही हातचा जाऊ शकतो. पक्ष्यांसाठी अशी खोली निघत नसेल, तर बेत पुढे ढकलावा. जळगावातील घरात काही वर्षे सेरामा या बँटम जातीच्या कोंबड्या सांभाळल्यावर माझ्या ध्यानात आले आहे की, थंड देशांतील लोकांनी लिहिलेल्या सूचना आपल्याकडे अर्ध्याच लागू पडतात, कारण त्यांची सगळी काळजी थंडीची असते आणि आपली उन्हाची.

बँटम हे नाव जावा बेटावरील बांतेन या जुन्या बंदरावरून आले. मोठ्या जातीची लहान आवृत्ती म्हणून तयार केलेल्या कोंबड्यांनाही बँटम म्हणतात. परंतु ज्यांना मोठी आवृत्तीच नाही अशा सेरामा, चाबो, सेब्राइट यांसारख्या जाती खऱ्या बँटम मानल्या जातात. घरातील खोलीसाठी माझी पसंती सेरामाला आहे. मलेशियातील केलांतान भागात घडवलेली ही जगातील सर्वांत लहान जात बहुधा पाचशे ग्रॅमच्या आतच राहते आणि माणसाच्या हातात शांत बसते. चाबो, म्हणजे जपानी बँटम, दिसायला देखणी असते. मात्र तिचे आखूड पाय ज्या जनुकीय दोषामुळे येतात, तो आई आणि वडील या दोघांकडून पिलात उतरला तर ते पिल्लू अंड्यातच मरते. आखूड पायांची जोडी लावल्यास फळलेल्या अंड्यांपैकी सरासरी चौथा हिस्सा असाच वाया जातो. पैदास करायची असेल, तर एक पक्षी आखूड पायांचा आणि दुसरा लांब पायांचा ठेवावा. म्हणजे निदान हे नुकसान टळते.

एकटी कोंबडी कधीही आणू नये. ती दिवसभर माणसाच्या मागे ओरडत फिरते आणि तिचे खाणे कमी होते. एक कोंबडा आणि दोन तलंगा (तरुण माद्या) हा घरासाठी सर्वांत चांगला संच होय, कारण एकाच मादीमागे लागलेला कोंबडा तिच्या पाठीची पिसे उपटून काढतो. विकत घेताना डोळे कोरडे व चमकदार आहेत ना, नाकातून पाणी येत नाही ना आणि गुदाभोवतीची पिसे स्वच्छ आहेत ना, एवढे उजेडात पाहावे. पंखाखालची पिसे फुंकर मारून विस्कटावीत, म्हणजे उवा असल्यास पळताना दिसतात. नवे पक्षी किमान तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावेत. ही खबरदारी आपल्या भागाने तरी हलकी मानू नये. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथेच झाला आणि २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा उद्भवला. कोंबडी बाजारातून आल्यावर चपला बाहेर काढून व हात धुऊन मगच पक्ष्यांजवळ जावे, आणि एकाएकी पक्षी मरू लागल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे.

तीन पक्ष्यांसाठी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असा जाळीचा पिंजरा रात्रीपुरता पुरतो. दिवसा त्यांना खोलीत मोकळे सोडणे आवश्यक आहे. पिंजऱ्याच्या तळाला जाळी न ठेवता सपाट फळी ठेवावी आणि तिच्यावर सुताराकडे रंधा मारताना निघणाऱ्या पातळ सालींचा दोन इंच थर पसरावा. करवतीचा बारीक भुसा वापरू नये, तो नाकात जातो. बसण्यासाठी अंगठ्याएवढ्या जाडीची काठी जमिनीपासून फूटभर उंचीवर आडवी बांधावी. विष्ठेची सवय लावता येते, अशी आशा बाळगू नये. कोंबडी दिवसभर थोड्या थोड्या वेळाने विष्ठा टाकते. रात्रीची विष्ठा काठीखालीच पडत असल्यामुळे तेथे जुने वर्तमानपत्र पसरून सकाळी गुंडाळून टाकले की निम्मे काम संपते. खोलीत शिरताना नाकात झणझण जाणवली, तर थर बदलण्यास उशीर झाला आहे असे समजावे, कारण तो वास पक्ष्यांच्या फुप्फुसांना आपल्या आधी बाधतो.

घरातील धोके अंगणातील धोक्यांपेक्षा वेगळे असतात. माझा पहिला कोंबडा कपाटावर चढून बसला आणि मला पाहून खाली झेपावताना चालू पंख्याच्या पात्याला लागला. पंख मोडला, पण जीव वाचला. त्या दिवसापासून पक्षी मोकळे असताना आमच्याकडे छताचा पंखा बंद असतो आणि जमिनीवरचा जाळीचा पंखा चालतो. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला, तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतात; म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत त्यांना ठेवू नये. मच्छर अगरबत्ती, फवाऱ्याची औषधे आणि फिनाइलचा उग्र वास यांपासूनही त्यांना दूर ठेवावे.

काचेतून येणाऱ्या उन्हाने पक्ष्यांचे काम भागत नाही. हाडे आणि अंड्याचे कवच मजबूत होण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व अंगावर थेट पडलेल्या उन्हातूनच तयार होते, आणि ते किरण काच अडवते. हिवाळ्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास, उन्हाळ्यात सूर्योदयानंतर लगेच, पक्षी अर्धा तास ओट्यावर डालीखाली (विणलेल्या टोपलीखाली) किंवा गच्चीवर जाळीत ठेवावेत. त्याच वेळी त्यांना धुळीची अंघोळ द्यावी. पसरट घमेल्यात कोरडी बारीक माती, वाळू आणि चुलीतील चाळलेली राख समान घ्यावी. कोंबडी त्यात कुशीवर पडते, पायाने माती पंखांत उधळते, डोळे अर्धे मिटते आणि मेल्यासारखी निपचित राहते. नवख्या माणसाला ते पाहून धस्स होते, पण हेच तिच्या समाधानाचे लक्षण आहे. रात्री मात्र त्यांना पूर्ण अंधार हवा. टीव्ही आणि दिवे रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या दिवाणखान्यात पिंजरा असेल, तर आठ वाजता त्यावर जाड सुती कापड टाकावे. कोंबडा पहाटे आरवणारच. सेरामाचा आवाज बारीक असला तरी भिंतीपलीकडे जातो, तेव्हा शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

खाद्याबाबत फार गुंतागुंत नाही. अंड्यावरील कोंबड्यांचे तयार खाद्य मुख्य ठेवावे, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत द्यावा आणि दादर (रब्बी ज्वारी) किंवा बाजरी मूठभर, तीही संध्याकाळी. शेव, फरसाण, चहात भिजवलेली बिस्किटे मुलांनी कौतुकाने खायला घातलेली मी पाहिली आहेत; एवढ्या लहान शरीराला ते मीठ आणि साखर झेपत नाही.

होळीनंतर सगळा दिनक्रम बदलावा. खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना द्यावे, कारण अन्न पचताना शरीरात उष्णता वाढते. पाणी माठातले द्यावे आणि दुपारी दोनदा बदलावे. कूलरचा झोत पिंजऱ्यावर थेट न येता खोलीत फिरला पाहिजे, आणि समोरची खिडकी थोडी उघडी हवी. कोंडलेल्या खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो. आपला एप्रिल-मे कोरडा असल्यामुळे कूलर आणि खिडकीवरचे ओले गोणपाट उत्तम काम देतात, परंतु पावसाआधीच्या जूनमध्ये हवा दमट झाली की तेच उपाय निकामी ठरतात आणि तेव्हा केवळ वाहती हवा उपयोगी पडते. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला आणि पंख अंगापासून दूर धरू लागला, तर त्याला लगेच ओल्या फरशीवर ठेवावे, पाय आणि पंखांखालचा भाग साध्या पाण्याने भिजवावा व चोचीजवळ पाणी धरावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. दुपारी वीज जाण्याचे प्रसंग आपल्याला नवे नाहीत. त्यासाठी पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये कायम असाव्यात, कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवल्या की पक्षी आपण होऊन त्यांना टेकून बसतात.

पैदाशीचा हंगाम खानदेशात दसऱ्यापासून होळीपर्यंतच धरावा. हे मी एका एप्रिलात शिकलो. नऊ अंडी दहा दिवस फडताळात जमवून खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवली आणि एकच पिल्लू निघाले. उरलेली फोडली तेव्हा बहुतेकांत पहिल्या दोन-तीन दिवसांतच वाढ थांबल्याचे रक्ताच्या बारीक वलयावरून दिसले. कारण साधे होते. फडताळातील उष्म्यामुळे कोंबडी बसण्यापूर्वीच गर्भ अर्धवट वाढू लागला होता, आणि अर्धवट सुरू होऊन अडखळलेली वाढ पुढे टिकत नाही. उबवणीची अंडी टोकाची बाजू खाली ठेवून, घरातील सर्वांत थंड जागी, सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि ती धुऊ नयेत.

सेरामाची मादी स्वतःची चार-पाच अंडीच नीट झाकू शकते. जागा अपुरी पडते म्हणून गावठी किंवा असील कोंबडीखाली ही अंडी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तिच्या वजनाखाली पातळ कवच तडकते. टोपल्यात तळाशी ओलसर माती, तिच्यावर कोरडे गवत आणि मध्ये खळगा अशी जागा करावी. आपल्या कोरड्या हिवाळ्यात ही माती आवश्यक दमटपणा देते. सातव्या रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या जाड टोकाला लावून पाहावे. जिवंत अंड्यात मध्ये काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. नुसते पिवळे, स्वच्छ अंडे काढून टाकावे. उबवणी यंत्र वापरणाऱ्यांनी आत पंखा असल्यास तापमान ३७.५ अंश ठेवावे आणि अंडी दिवसातून किमान तीनदा उलटावीत. शेवटचे तीन दिवस ती उलटू नयेत आणि पाणी वाढवावे. सेरामाची पिले साधारण एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी बाहेर येतात. कवचाला पहिले छिद्र पडल्यावर पिल्लाला बाहेर यायला अर्धा-एक दिवस लागू शकतो. त्या काळात ते बलक आणि रक्त पोटात ओढून घेत असते, म्हणून घाईने कवच सोलू नये.

पिले बोटाच्या दोन पेरांएवढी असतात. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात ३४-३५ अंशांची ऊब द्यावी आणि दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करावी. दिवा खोक्याच्या एकाच बाजूला टांगावा, म्हणजे उकडल्यास त्यांना दूर जाता येते. पाण्याच्या झाकणात गोट्या घालाव्यात, नाहीतर ती अर्धा इंच पाण्यातही बुडतात. पिलांच्या तयार खाद्याचे दाणेही त्यांना मोठे होतात, ते मिक्सरमधून एकदा फिरवून घ्यावे. मानमोडी या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगासाठी लासोटा लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात द्यावा आणि पुढील मात्रा पशुवैद्यकांना विचारून ठरवाव्यात. ही कुपी अनेक पक्ष्यांच्या मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून गल्लीतील कोंबड्या पाळणाऱ्यांनी एकाच दिवशी मिळून लस द्यावी.

सेरामाच्या एकाच वेळी उबवलेल्या पिलांचे आकार एकसारखे निघत नाहीत; अगदी लहान जोडीलाही थोराड पिल्लू होते. केवळ सर्वांत लहान पक्षी निवडत गेल्यास मादीला अंडे घालताना अडचण येऊ लागते, म्हणून मी कोंबडा लहान आणि मादी त्याच्यापेक्षा थोडी मोठी ठेवतो, आणि प्रत्येक पिलाच्या पायात रंगीत कडी घालून त्याचे आईबाप वहीत लिहितो. निम्मी पिले कोंबडेच निघतात आणि एका खोलीत दोन वयात आलेले कोंबडे सुखाने राहत नाहीत. त्यांना कोण नेणार, हे अंडी उबवायला ठेवण्यापूर्वीच विचारून ठेवावे. तसे घर मिळत नसेल तर त्या वर्षी खुडूक कोंबडीखाली लाकडी अंडी ठेवून तिची हौस भागवावी.