आयरिश फोक बँडसाठी चालींची यादी बनवताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये गेली चार वर्षं मी एका हौशी बँडमध्ये टिन व्हिसल (पत्र्याची छोटी उभी बासरी) वाजवतोय. लहानपणी साताऱ्यात दोन वर्षं बासरीच्या क्लासला जायचो, ती अर्ध्यात सोडली, मग इथे नोकरीला आल्यावर एका पबमध्ये सेशन (जमून वाजवण्याची बैठक) ऐकत कोपऱ्यात बसायला लागलो आणि एक दिवस स्वस्तातली डी (D) पट्टीची व्हिसल घेऊन टाकली, तेव्हापासून हे खूळ सुटलेलं नाही. बँडमध्ये आम्ही पाच जण. फिडलवाल्या (म्हणजे व्हायोलिनवाल्या) बाई शाळेत शिकवतात, गिटारवाला प्लंबर आहे आणि गातोही तोच, एक बटन अकॉर्डियन, एक बाउरॉन (काठीने वाजवायचा मोठा डफ) आणि मी. मंगळवारी प्रॅक्टिस, महिन्यातून एखाददुसरा कार्यक्रम. पुण्यातल्या एका मित्राने फिडल आणि गिटारवाली दोस्तमंडळी जमवून असाच ग्रुप सुरू केलाय, त्याने परवा विचारलं की काय काय बसवू, यादी पाठव. म्हटलं यादी नको, आधी आमची फजिती ऐक.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे यादी लांबवत नेणं. आमच्या शेअर्ड शीटमध्ये एके काळी 84 नावं होती. कुणी काही ऐकलं की टाकलं, रीलच्या (म्हणजे नाचाच्या जलद चालीच्या) खाली रील. आणि या संगीतात चालींचा तुटवडा कधीच नव्हता, याच कॉर्क काउंटीत बँट्रीजवळ जन्मलेला फ्रान्सिस ओ'नील शिकागोला जाऊन पोलिस प्रमुख झाला आणि त्याने 1903 मध्ये एका पुस्तकात 1850 चाली छापल्या, तेव्हा शीट भरायला काय लागतं? प्रश्न असा की एका कार्यक्रमात मॅनेजरने सांगितलं अजून वीस मिनिटं वाजवा, आणि आम्ही 84 नावांचा कागद हातात घेऊन एकमेकांची तोंडं बघत उभे. प्रत्येकाला प्रत्येक ट्यून 'येत' होती, म्हणजे दुसऱ्याने सुरू केली तर मागून जमवून घेता येत होती. सुरू कुणालाच करता येत नव्हती!

त्यावर उपाय एकदम साधा निघाला. शीटमध्ये एक कॉलम वाढवला, 'कोण सुरू करणार'. कागद न बघता, कुणाची वाट न बघता, ठरलेल्या स्पीडला पहिले आठ बार (तालाची आवर्तनं) एकट्याने वाजवणारा माणूस ज्या ट्यूनला नाही ती यादीतून बाहेर. एका मंगळवारी बसून चाळणी लावली तर 84 पैकी 23 उरल्या. वाईट वाटलं खरं, पण त्या 23 आजही झोपेतून उठवलं तरी वाजतात.

नावांचा घोळ

हा प्रकार हिंदुस्थानी संगीतातून येणाऱ्याला विचित्र वाटतो. आपल्याकडे यमन म्हटलं की यमन. इथे एकाच चालीला गावागणिक वेगळं नाव असतं आणि एकाच नावाच्या दोन-तीन वेगळ्या चाली असतात. 'सॅली गार्डन्स' घ्या. आयरिश कवी येट्सची त्या नावाची कविता आहे, 1889 ला छापलेली, ती संथ चालीत गातात, डोळ्यात पाणी आणणारी. आणि 'सॅली गार्डन्स' नावाची एक रीलही आहे, जी (G) मेजरमधली, म्हणजे बिलावल थाटाच्या स्वरांची, चांगली पळणारी, दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. एका लग्नात यादीवर नुसतं नाव लिहिलेलं होतं. गिटारवाल्याने गाण्यासाठी हळूच तार छेडली, डोळे मिटले, आणि त्याच क्षणी फिडलवाल्या बाई रीलवर सुटल्या. दोन बार दोन्ही चाललं. नवरीच्या आजीला वाटलं आम्ही मुद्दामच केलं.

तेव्हापासून प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहितो: प्रकार, की (म्हणजे पट्टी) आणि पहिला बार. बाकीचे तो एबीसी नोटेशनमध्ये लिहितात, म्हणजे स्वरांची इंग्रजी अक्षरं सरळ टाईप करायची पद्धत, मोबाईलवरही जमते. मी माझ्यापुरतं सरगमने लिहितो. जी ला सा धरला तर त्या रीलची सुरुवात सा, खालचा प, सा, मग ग, सा, खालचा प, सा. एवढं कागदावर दिसलं की हात बरोबर तिकडेच जातो.

सेट जोडताना

इथे एकटी ट्यून सहसा वाजवत नाहीत, दोन-तीन जोडून सेट करतात. बहुतेक ट्यून दोन भागांच्या, प्रत्येक भाग आठ बारचा, तो दोनदा, म्हणजे 32 बारचा एक फेरा, असे साधारण तीन फेरे झाले की न थांबता पुढची. सेटची मजा त्या बदलण्याच्या क्षणात असते आणि पब्लिक ओरडतं ते तिथेच. नवीन बँड नेमका तिथे आपटतो.

आम्ही कसे आपटलो ते सांगतो. 'बटरफ्लाय' नावाची एक प्रसिद्ध स्लिप जिग आहे, 9/8 मधली, म्हणजे नऊ मात्रांची नाचाची चाल, आणि ती दोन नाही तर तीन भागांची आहे. आमच्या गिटारवाल्याच्या डोक्यात दोन भागांचं गणित इतकं पक्कं बसलेलं की दुसरा भाग संपला, त्याच्या मते फेरा संपला, त्याने मान हलवून सगळ्यांना खूण केली आणि पुढच्या ट्यूनच्या की मध्ये शिरला, अकॉर्डियनवाला त्याच्या मागे गेला, मी आणि बाई तिसऱ्या भागात, आणि बाउरॉनवाला बिचारा दोन्हीकडे बघत नुसती काठी हवेत धरून. चूक गिटारवाल्याची नव्हती, चूक अशी की खूण कुणी करायची हेच ठरलेलं नव्हतं. ज्याने सेट सुरू केला तोच बदलाची खूण करणार, आणि शेवटच्या फेऱ्याच्या शेवटच्या भागात करणार, त्याच्या आधी नाही, असा नियम केला. आमच्यात बाई एक पाय उचलतात आणि 'हप' म्हणतात. साऊंडचेकला लोक हसतात, हसू दे.

जोडताना की बघा. तीन रील, तिन्ही ई मायनरच्या अंगाच्या, असा आमचा एक लाडका सेट होता, आम्हाला वाजवताना तीन वाटायच्या, ऐकणाऱ्याला एकच पाच मिनिटांची लांबलचक रील वाटायची. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं. आता जी वरून डी, डी वरून ए असं वर चढत जातो, किंवा मेजरमधून डोरियनमध्ये उतरतो, म्हणजे 'केश जिग' (जिग म्हणजे सहा मात्रांची नाचाची चाल) जी मध्ये आणि मग 'मॉरिसन्स' ई डोरियनमध्ये, ही जोडी फार जुनी आणि हमखास चालणारी आहे. डोरियन म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर, एवढं सांगितलं की आपल्या लोकांना पुढचं समजावावं लागत नाही.

गायकाची पट्टी

गिटारवाल्याला कॅपो (गिटारची पट्टी वर सरकवणारा चिमटा) लावला की जग सोपं वाटतं. त्याचा आवाज बी फ्लॅटला छान लागतो म्हणून त्याने दोन गाणी बी फ्लॅटला बसवली आणि आम्हाला प्रॅक्टिसच्या दिवशी सांगितलं. डी व्हिसलवर डी आणि जी सहज, ए ला एक भोक अर्धं झाकायची कसरत, आणि बी फ्लॅटला माझ्या बोटांनी तरी सपशेल हात टेकले. फिडलवाल्या बाईही तोंड वाकडं करतात कारण उघड्या तारा वापरता येत नाहीत. दोन मार्ग आहेत, गाणं सूर अर्धा-दीड इकडेतिकडे करून ए, जी किंवा सी ला आणायचं (सी साठी मी वेगळी सी व्हिसल घेतली), किंवा सरळ ठरवायचं की या गाण्यात व्हिसल नाही. दुसरा मार्ग लोक विसरतात. प्रत्येकाने प्रत्येक गाण्यात वाजवलंच पाहिजे असा काही कायदा नाही, मी दोन गाणी नुसता बसून असतो आणि ती दोन्ही आमची सगळ्यात चांगली आहेत, यात माझा अपमान आहे का हे मी विचारलेलं नाही.

ट्यूनिंगचंही तसंच. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी मध्ये लावलेली असेल तर त्या सगळ्या गोष्टी एकामागून एक घ्या. दर गाण्याला तारा पिळत बसला की स्टेजवर दोन मिनिटं शांतता, आणि पब्लिक बारकडे.

'पारंपरिक' म्हणून खपवणं

स्टेजवरून 'हे शेकडो वर्षांचं आयरिश लोकगीत' असं ठोकून द्यायची हौस सगळ्यांना असते. मी 'डर्टी ओल्ड टाउन' च्या आधी असंच बोललो आणि पुढच्या टेबलावरच्या एका काकांनी शांतपणे सांगितलं, बाळा, ते इंग्लंडमधल्या सॅल्फर्डबद्दल आहे, इवान मॅकॉलने 1949 ला लिहिलं. 'फील्ड्स ऑफ अॅथनराय' आयर्लंडच्या दुष्काळावरचं म्हणून 1840 च्या काळातलं वाटतं, पण ते पीट सेंट जॉनने 1970 च्या दशकात लिहिलं. 'डॅनी बॉय' चे शब्द फ्रेडरिक वेदर्ली नावाच्या इंग्रज वकिलाचे आहेत, 1913 चे. आणि 'अशोकन फेअरवेल' ऐकून दोनशे वर्षं जुनी वाटते ती जे अंगर या अमेरिकन माणसाने 1982 ला केली.

वाजवू नका असं म्हणत नाही, आम्ही यातलं बरंच वाजवतो. पण शीटमध्ये 'कुणाचं' हा कॉलम ठेवा. आयर्लंडमधल्या पबमध्ये लाइव्ह वाजवायचं तर परवान्याचं इमरो नावाच्या संस्थेकडून मालक बघतात, तुम्ही रेकॉर्ड करून कुठे अपलोड करायला गेलात की मात्र 'पारंपरिक' लिहून चालत नाही, तिथे खरं नाव लागतं. बंडाची (ब्रिटिशांविरुद्धची) गाणी घ्यायची तर कुठे आणि कुणासमोर याचा दोनदा विचार करा, एवढंच लिहितो.

नुसत्या रील

आम्ही सगळ्यांनी 1970 च्या दशकातल्या बोथी बँड, प्लँक्स्टी वगैरेंचे रेकॉर्ड ऐकून शिकलेलं, त्यामुळे रील म्हणजेच आयरिश म्युझिक असा समज. एका गावातल्या हॉलमध्ये सेट डान्सची मंडळी आली होती, त्यांनी विचारलं स्लाइड आहे का, पोल्का किती आहेत (दोन्ही नाचाच्या चाली). आमच्याकडे पोल्का एक. कॉर्क-केरीच्या सीमेवरचा स्लीव्ह लूक्रा भाग पोल्का आणि स्लाइडसाठी ओळखला जातो, तिथून तासाभरावर राहून एक पोल्का, म्हणजे कोल्हापुरात हॉटेल काढून तांबडा रस्सा नसण्यासारखं. हॉर्नपाइप, वॉल्ट्झ या नाचाच्या चाली, एखादी संथ एअर (नाचाची नसलेली धून) हेही हवं, पण एअर रात्री साडेदहाला भरल्या पबमध्ये वाजवू नका, कुणी ऐकत नाही, ती पहिल्या अर्ध्या तासात संपवा.

स्पीडबद्दल एकच: मोबाईलवर मेट्रोनोम लावून रेकॉर्ड करा आणि शेवटचा फेरा पहिल्यापेक्षा किती पळाला ते बघा. आमचा पहिल्या वेळी भयंकर पळाला होता.

ताल वाढवू नका

दोन गिटार, एक बुझुकी (लांब मानेचं तारवाद्य), वर बाउरॉन, वर कुणाचा तरी कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी), अशी जत्रा भरली की ट्यून ऐकूच येत नाही, आणि दोन गिटारवाले डोरियनला वेगवेगळे कॉर्ड लावतात ते वेगळंच. एका वेळी एकच कॉर्डवाला. बाउरॉन बकरीच्या कातड्याचा असतो, तबल्यासारखाच हवेप्रमाणे वागतो, इथल्या पावसात ढिला पडतो आणि स्टेजच्या गरम लाइटखाली ताणून टणटण वाजतो. आमचा बाउरॉनवाला पाण्याची छोटी स्प्रे बाटली आणि ट्यूनिंगची चावी खिशात ठेवतो, आणि सेटच्या मध्ये कातड्यावर हळूच पाणी फिरवतो. ज्यांच्याकडे चावीचा बाउरॉन नाही त्यांनी निदान अर्धा तास आधी तो केसमधून काढून हॉलमध्ये ठेवावा.

आता शेवटची चूक, ती फक्त माझी. जिग 6/8, आपला दादरा सहा मात्रांचा, कोळीगीतंही त्याच झोक्यात, म्हणून मी उत्साहाने एक कोळीगीत दोन जिगच्या मध्ये घुसवलं. झोका जुळला, स्वर जुळले, आणि तरी तिसऱ्या फेऱ्यात सगळे पांगले. कारण कळायला दोन आठवडे गेले: जिगमध्ये दुसरा भाग दोनदा झाला की पुन्हा पहिल्यापासून किंवा पुढच्या ट्यूनवर, आपल्याकडे मात्र कडवं संपलं की ध्रुपदावर यायचंच, आणि माझ्या हाताला ते इतकं सवयीचं की मी सांगितलंच नव्हतं. आता शीटवर 'पहिला, पहिला, दुसरा, पहिला' असं लिहिलंय, मी ध्रुपदाच्या आधी व्हिसल वर उचलतो, आणि तरीही दर वेळी बाउरॉनवाला माझ्याकडे भुवया उंचावून बघतो, परत?