हात दुखत असतील तर फिशटँकला स्पंज फिल्टर लावा

बोटांच्या संधिवातामुळे कॅनिस्टरच्या (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) क्लिपा उघडेनात आणि तो पाण्याने भरलेला डबा बाथरूमपर्यंत न्यायचा म्हणजे कंबर गेलीच, म्हणून मी सरळ दोन स्पंज फिल्टर आणि एक एअर पंप लावला, आता उचलायला जड असं काही उरलंच नाही.

१. जुना फिल्टर लगेच काढू नका, ४ ते ६ आठवडे दोन्ही सोबत चालू ठेवा.

२. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, खाली ठेवायचा असेल तर नळीत नॉन-रिटर्न वॉल्व्ह हवाच, नाहीतर लाईट गेली की पाणी उलटं येतं.

३. बुडबुडे कमी झाले की एकच स्पंज काढा. आधी पाण्यातच त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा मग वर घ्या, नाहीतर सगळा गाळ टाकीभर (माझं एकदा झालंय, मासे दिसेनात). टाकीतलंच पाणी टबात घेऊन, टब स्टुलावर ठेवून तळहाताने दाबा, मुठीत पिळायची गरज नाही. दुसरा स्पंज पुढच्या पंधरवड्यात.

एक मात्र लक्षात ठेवा, स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरीनने स्पंजमधले कामाचे बॅक्टेरिया मरतात.