दिवाळीला उभी केलेली मोटारसायकल आखाजीला पहिल्या किकमध्ये सुरू व्हावी म्हणून

दिवाळी आटोपली की नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, कुणी सुरतेला कामावर परततं. गाडी गावीच राहते, ती थेट आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बाहेर निघते. मधले पाच-सहा महिने खानदेशातली हवा गाडीला सोपी नसते. थंडीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो आणि दुपारी ऊन चटकतं. रात्री गारठलेल्या टाकीत आणि इंजिनात हवेतली वाफ पाणी होऊन बसते. पुढे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पेट्रोल उडतं आणि बॅटरी उतरते. चालती गाडी घासून झिजते. उभ्या गाडीला ओल, शिळं पेट्रोल, मेलेली बॅटरी आणि उंदीर खातात. या चारही गोष्टींचा बंदोबस्त एका दुपारी होतो, फक्त कामं खालच्या क्रमाने करा.

आधी जागा ठरवा

घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्या खोलीत गाडी ठेवू नका. भाव वाढेपर्यंत कापूस घरात राहतो, आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. एक ठिणगी पुरते. चुलीच्या किंवा देवघरातल्या दिव्याच्या खोलीचंही तेच. गोठा नको, कारण गोमूत्रातला अमोनिया वायरींच्या तांब्याला आणि पितळी जोडांना खातो. युरिया-पोटॅशच्या गोण्यांशेजारीही नको. ही खतं हवेतली ओल ओढतात आणि लोखंडाला लवकर गंज चढवतात. धान्याच्या पोत्यांजवळ उंदीर असतातच. कोरडी, सावलीची, वारा खेळता असलेली ओसरी किंवा पडवी सगळ्यांत बरी.

धुणं आणि पंपापर्यंतची फेरी

मडगार्डच्या आत आणि इंजिनाच्या पंख्यांमध्ये (बाहेरच्या फिन्समध्ये) बसलेली काळी माती लाकडी काडीने खरवडून काढा. ती महिनोन्‌महिने ओल धरते आणि पत्रा तिथूनच सडतो. फवारणीचा पंप गाडीवरून नेला असेल तर कॅरिअर आणि मागचा भाग साबणाने दोनदा धुवा. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर, स्विचवर आणि सायलेन्सरच्या तोंडात मारू नका.

धुतल्यावर लगेच झाकू नका. १०-१५ किलोमीटरची फेरी मारा, म्हणजे कानाकोपऱ्यातलं पाणी सुकतं. याच फेरीत टाकी भरून घ्या. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टाकी अर्धी असेल तर वर हवा जास्त, म्हणजे ओलही जास्त, आणि उघडा पत्रा गंजतो. म्हणून टाकी भरलेली हवी, पण तोंडाच्या नळीखाली बोटभर जागा सोडा, उन्हात पेट्रोल फुगतं. फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध) मिळालं तर बाटलीवरच्या प्रमाणात पंपावरच टाका, म्हणजे परतीच्या वाटेत ते पुढपर्यंत पोचतं. टाकी पूर्ण रिकामी करून ठेवणं चुकीचं.

ऑइल, पेट्रोल आणि प्लग

फेरीहून आल्यावर इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढा. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी, पेट्रोल आणि आम्ल मिसळलेलं असतं, ते सहा महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. "आखाजीला बदलू" हा हिशेब इथेच चुकतो. १०० सीसीच्या गाडीला साधारण लिटरभर ऑइल लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा, अंदाजाने ओतू नका. डब्यावर जासो एमए (JASO MA) लिहिलेलं हवं, ती मोटारसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण. कारच्या काही ऑइलने मोटारसायकलचा क्लच घसरतो. ड्रेन बोल्टचा वॉशर चेपलेला असेल तर नवा घाला.

नवं ऑइल भरून इंजिन दोन मिनिटं चालवा. कार्बोरेटरची गाडी असेल तर या वेळी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत घ्या आणि स्क्रू परत आवळा. हे सोडलं तर पेट्रोल सुकून चिकट थर धरतं आणि केसाएवढं भोक असलेला स्लो जेट (मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारीक नळी) बुजतो. गाडी चोकवरच चालते, चोक काढला की बंद पडते, ती याच कारणाने. कॉक बंदच राहू द्या.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं. त्या पेट्रोल संपेपर्यंत कधीही चालवू नका. टाकीतला पंप पेट्रोलानेच थंड राहतो, कोरडा फिरला की जळतो. त्यांना भरलेली टाकी पुरे.

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा. भोकाभोवतीची माती आधी फुंकून घ्या. आत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल सोडा. भोकावर फडकं धरा, चावी बंद ठेवून चार-पाच हळू किका मारा. किक नसेल तर टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. त्याने सिलिंडरच्या भिंतीला तेल लागतं आणि रिंगा चिकटत नाहीत. प्लग आधी हाताने आटे बसवून मगच पाना लावा. तिरपा गेला तर हेडचे आटे जातात आणि ते काम महागात पडतं.

बॅटरी

बॅटरी काढून ठेवा. काढताना आधी काळी वायर (−), मग लाल (+). बसवताना उलट. पूर्ण चार्ज बॅटरी काही तास ठेवून मोजली तर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा, कारण उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती चार्ज घेत नाही. महिन्यातून एकदा चार्ज पुरतो. उन्हाळ्यात जास्त लक्ष द्या, उष्णतेने बॅटरी भराभर उतरते. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा ठेवा. ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या चार्जरला ती लावून दिली तर आतल्या पट्ट्या जळतात. पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

चेन, टायर, झाकण

चेन घासलेटने ब्रशने धुवा, पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. ब्रेकच्या डिस्कवर थेंबही जाऊ देऊ नका. गाडी डबल स्टँडवर, टायरखाली फळी. टायरमध्ये नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय हवा जास्त भरा, पण टायरवर छापलेल्या आकड्याच्या आतच. टेकलेलं चाक महिन्याला पाव फेरा फिरवा.

सायलेन्सर थंड झाला की त्याच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या वाटेत फडक्याचा बोळा घाला. उंदीर फिल्टरमध्ये घर करतात, कुंभारीण माशी सायलेन्सरमध्ये मातीचं घर बांधते. बोळे घातल्याची खूण म्हणून चावीला लाल चिंधी बांधा, नाहीतर सुरू करताना ते विसरतात. झाकायला जुनं सुती लुगडं किंवा चादर. प्लास्टिकचा कागद ओल कोंडतो, गोधडीत उंदीर पिलं घालतात.

घरच्यांना हे सांगून जा

"आठ दिवसांनी एकदा चालू करत जा" असं सांगून जाण्याची रीत आहे, आणि घरची मोठी माणसं ते मायेने करतातही. त्यानेच नुकसान होतं. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं, सेल्फने खर्च झालेली बॅटरी तेवढ्यात भरत नाही, आणि सिलिंडरला लावलेलं तेलही जळून जातं. गाडीची तयारी केली असेल तर इंजिन सुरू करू नये, महिन्याला फक्त बॅटरी चार्ज करावी आणि चाक फिरवावं. कुणी खरोखर २०-२५ मिनिटं रस्त्यावर चालवणार असेल तर वरची तयारी न करता गाडी त्याच्याच हवाली करा.

विमा या काळात संपत असेल तर आधीच भरून ठेवा. मुदत संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनस जातो.

आखाजीला काढताना

लाल चिंधी सोडा, बोळे काढा. वायरी कुरतडल्यात का ते सीटखाली बघा. ऑइलची पातळी पाहा, हवा नेहमीएवढी करा, बॅटरी बसवा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. वार्निशसारखा आंबूस वास आला तर ते पेट्रोल काढून नवं भरा. चावी बंद ठेवून सात-आठ किका मारा, म्हणजे ऑइल वर चढतं. मग कॉक उघडा, कार्बोरेटर भरायला अर्धा मिनिट द्या आणि सुरू करा. पहिली काही मिनिटं निळसर धूर येईल, तो प्लगच्या भोकातून सोडलेल्या तेलाचा. दहा मिनिटांनंतरही धूर थांबला नाही तर मेकॅनिकला दाखवा.

क्लचच्या पट्ट्या चिकटलेल्या असू शकतात. इंजिन बंद असताना दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकला, सुटतात. पहिला किलोमीटर गल्लीतच, सावकाश. ड्रमवरचा गंज निघेपर्यंत ब्रेक आधी करकरतो, मग एकदम पकडतो. मागे कुणाला बसवण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाचदा दाबून बघा.