कोंबडी म्हातारी झाली हे ओळखायचं कसं आणि मग सांभाळायची कशी

परसातली कोंबडी साधारण ५ ते ८ वर्षं जगते, नीट काळजी घेतली तर १० पण ओलांडते, पण जातीवर खूप अवलंबून आहे. वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देणाऱ्या हायब्रिड लेयर बऱ्याचदा ३-४ वर्षांतच जातात, कारण अंडाशयाचे आजार, अंडं अडकणं, पोटात इन्फेक्शन हे सगळं त्यांच्यातच जास्त दिसतं. कमी अंडी देणाऱ्या जुन्या जाती जास्त टिकतात.

पहिली १-२ वर्षं अंडी भरपूर, मग दरवर्षी कमी कमी होत जातात. अंडं मोठं होतं पण कवच पातळ. मात्र अंडी बंद झाली की लगेच म्हातारपण समजू नका, पिसं गळायच्या सीझनमध्ये आणि दिवस लहान झाल्यावर तरुण कोंबडी पण थांबते. म्हातारीच्या पायावरचे खवले जाड, खडबडीत होतात, पायामागचा काटा वाढतो, ती उडी मारायला कचरते.

आता मेन गोष्ट म्हणजे खाणं, इथेच लोक चुकतात. लेयर फीडमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम ३.५-४ टक्के असतं, अंडी न देणाऱ्या कोंबडीला ते नको असतं आणि वर्षानुवर्षं तेच खाल्लं तर किडनीवर ताण येतो. म्हणून सगळ्यांना कमी कॅल्शियमचं ग्रोअर फीड (वाढत्या पिल्लांचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला पाहिजे ती खाईल, त्यांना बरोबर कळतं.

बसायचा दांडा खाली आणा, आपल्या गुडघ्याएवढा किंवा त्याहून खाली, आणि खाली भुसा जाड टाका, नाहीतर उडी मारून तळपायाला जखम होते आणि ती चिघळते. चालणं कमी झालं की नखं झिजत नाहीत, ती थोडी थोडी कापा.

कोंबडी आजार शेवटपर्यंत लपवते, त्यामुळे नुसतं लांबून बघून कळत नाही. अधूनमधून रात्री ती दांड्यावर शांत बसली की हातात घ्या, छातीचं हाड टोचायला लागलं असेल तर वजन उतरतंय. गळ्याखालची पोटली, जिथे खाल्लेलं आधी साठतं, ती रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे, सकाळी पण गच्च असेल तर गडबड आहे. पोट फुग्यासारखं फुगलं असेल, शेपटी खाली पाडून गप्प उभी असेल तर ते वय नाही, आजार आहे, सरळ डॉक्टर गाठा.

आणि हो, तलंगा (तरुण कोंबड्या) म्हातारीला टोचून खाण्यापासून हाकलतात, तेव्हा खाद्य-पाणी दोन ठिकाणी ठेवा.